दुवा आणि प्रत : समक्रमित फोल्डरांतील सांकेतिक दुव्यांविषयी

१. प्रास्ताविक

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला 'प्रत' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. समोरची पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, ती मूळ पोथी आज कोठे आहे, आपण पाहतो आहोत ती आधारप्रत की नकलेची नक्कल, हे प्रश्न विचारल्याशिवाय पाठचिकित्सेचे पहिले पाऊल पडत नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हापासून ही सावधानता मराठी परंपरेच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु हीच सामग्री छायाप्रतींच्या रूपाने संगणकात गेली की अभ्यासकाची ही सावधानता शिथिल होते. पडद्यावर दिसते आहे त्या अर्थी ते तेथे आहे, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची किंमत प्रस्तुत लेखकाला एकदा मोजावी लागली. त्या अनुभवातूनच हा लेख लिहिला जात आहे.

काही वर्षांपूर्वी एका खाजगी संग्रहातील पोथ्यांचे स्कॅनिंग करण्याची संधी आम्हां काही जणांना मिळाली. प्रतिमांचा आकार मोठा होता आणि लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नव्हती. म्हणून त्या एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवल्या. लॅपटॉपमध्ये क्लाउडशी जोडलेले एक फोल्डर होते. त्या फोल्डरात ठेवलेली प्रत्येक गोष्ट आपोआप दूरच्या सर्व्हरवर पोहोचते, एवढे आम्हांला ठाऊक होते. संगणकाची जाण असलेल्या एका सहकाऱ्याने सुचविले की, बाह्य डिस्कवरील फोल्डरकडे नेणारा एक दुवा, ज्याला 'सिम्बॉलिक लिंक' म्हणतात, तो या फोल्डरात ठेवावा. म्हणजे जागाही अडणार नाही आणि प्रती क्लाउडवरही जातील. तसे केले. फोल्डर उघडले की सर्व पोथ्या पानापानाने दिसत. त्यावर समक्रमण पूर्ण झाल्याची हिरवी खूणही उमटली. आम्ही निश्चिंत झालो.

पुढे ती डिस्क हातातून पडून निकामी झाली. तेव्हा क्लाउडवर पाहिले असता तेथे 'पोथ्या' या नावाची एकच फाइल होती. तिचा आकार शंभर बाइटसुद्धा नव्हता. तिच्यात पोथ्या नव्हत्या, पोथ्या कोठे ठेवल्या आहेत याचा पत्ता तेवढा होता; आणि त्या पत्त्यावर आता काहीच उरले नव्हते. दरम्यान संग्रहाच्या मालकांचे निधन होऊन मूळ पोथ्याही विखुरल्या होत्या. एका विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर योगायोगाने राहिलेल्या काही प्रतिमांवरून दोन पोथ्या पुन्हा उभ्या करता आल्या. बाकीच्या गेल्या.

या प्रसंगात सेवा पुरविणाऱ्याचा दोष नव्हता, की यंत्राचाही नव्हता. दोष होता तो दुवा आणि प्रत यांतील भेद न ओळखण्याचा. हा भेद स्पष्ट करावा, समक्रमणाच्या व्यवस्थेत दुव्याचे काय होते ते सांगावे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यावरून कोणती शिस्त बाळगावी याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेख तंत्रज्ञांसाठी नाही, म्हणून तांत्रिक तपशील आवश्यक तेवढेच घेतले आहेत.

२. नाव, क्रमांक आणि पत्ता

संगणकातील फाइल म्हणजे तिचे नाव नव्हे. ग्रंथालयाच्या उदाहरणाने ही गोष्ट चांगली समजते. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला एक दाखलक्रमांक असतो. वाचक मात्र दाखलक्रमांकाने पुस्तक शोधत नाही. तो तालिकेतील कार्ड पाहतो. कार्डावर नाव असते आणि त्या नावाच्या आधारे पुस्तकापर्यंत पोहोचता येते. डिस्कवरही अशीच रचना असते. प्रत्यक्ष मजकूर एका जागी असतो, व्यवस्थेच्या दृष्टीने त्याला एक अंतर्गत क्रमांक असतो, आणि आपण ज्याला फोल्डर म्हणतो तो वस्तुतः नावे आणि क्रमांक यांची जोडयादी असते.

हे लक्षात घेतले म्हणजे दुव्यांचे प्रकार आपोआप उलगडतात.

पहिला प्रकार 'हार्ड लिंक' हा होय. एकाच दाखलक्रमांकासाठी दोन वेगळ्या नावांची कार्डे केली, तर त्यांतील कोणते मूळ आणि कोणते दुय्यम असे सांगता येत नाही. दोन्ही सारखीच अधिकृत असतात. एक कार्ड फाडले तरी दुसऱ्यावरून पुस्तक मिळते. हार्ड लिंक म्हणजे असे दुसरे कार्ड. मात्र दाखलक्रमांक ज्या ग्रंथालयाचा त्याच ग्रंथालयात तो अर्थपूर्ण असतो. म्हणून हार्ड लिंक एका डिस्कविभागातून दुसऱ्या विभागात जाऊ शकत नाही. शिवाय सर्वसाधारणपणे ती फाइलींनाच करता येते, फोल्डरांना नाही.

दुसरा प्रकार सिम्बॉलिक लिंक, म्हणजे सांकेतिक दुवा. कोशात किंवा तालिकेत एखाद्या नोंदीखाली मजकूर नसून केवळ 'पाहा : अमुक' एवढेच लिहिलेले असते. मराठी विश्वकोशाच्या वाचकांना अशा नोंदी परिचित आहेत. सांकेतिक दुवा म्हणजे ही 'पाहा'-नोंद होय. तिच्यात दाखलक्रमांक नसतो, केवळ पत्ता लिहिलेला असतो. पत्त्यावरील वस्तू हलविली, तिचे नाव बदलले किंवा ती नष्ट झाली, तर नोंद तशीच राहते; पण ती वाचकाला कोठेच नेत नाही. अशा दुव्याला 'तुटलेला दुवा' म्हणतात. याच्या बदल्यात सांकेतिक दुव्याला एक मोठे स्वातंत्र्य मिळते. तो दुसऱ्या डिस्ककडे बोट दाखवू शकतो, फोल्डरकडे दाखवू शकतो, आणि जी वस्तू अद्याप अस्तित्वात आलेली नाही तिच्याकडेही दाखवू शकतो.

सांकेतिक दुव्याचे आणखी एक वैशिष्ट्य या लेखाच्या दृष्टीने कळीचे आहे. कोशातील 'पाहा' वाचून पान उलटण्याचे काम वाचकाला स्वतः करावे लागते. संगणकात ते काम कार्यप्रणालीच परस्पर करते. एखाद्या प्रोग्रॅमने दुवा उघडला की त्याला थेट पत्त्यावरील मजकूर मिळतो. आपण दुव्यावरून आलो आहोत हे त्याला, आणि म्हणून त्याच्या वापरकर्त्याला, जाणवतही नाही. सांकेतिक दुव्याची सोय आणि त्याचा धोका या दोहोंचे मूळ या पारदर्शकतेत आहे.

तिसरा प्रकार शॉर्टकटचा. विंडोजमधील शॉर्टकट ही पत्ता बाळगणारी एक साधी फाइल असते. फाइल-एक्सप्लोररसारखे प्रोग्रॅम ती ओळखतात, पण कार्यप्रणालीच्या मुळाशी तिला विशेष स्थान नसते. मॅकवरील 'अलायस' पत्त्याबरोबरच वस्तूची अंतर्गत ओळखही जपतो. त्यामुळे वस्तू त्याच डिस्कवर इतरत्र हलविली तरी बहुधा तो तिला शोधून काढतो. नवख्याला हे सारे प्रकार सारखेच दिसतात. समक्रमणाच्या वेळी मात्र त्यांच्यातला फरक निर्णायक ठरतो.

३. थोडा पूर्वेतिहास

दुव्याची कल्पना क्लाउडहून पुष्कळ जुनी आहे. १९६५ साली आर. सी. डेली व पी. जी. नॉयमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी फाइलव्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यात फोल्डरांच्या उतरंडीबरोबरच एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे नेणाऱ्या 'लिंक'चाही समावेश होता. युनिक्समध्ये प्रारंभी हार्ड लिंकच होती. सांकेतिक दुवा १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आला. मॅकचा अलायस १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये आणि विंडोजचा शॉर्टकट विंडोज ९५ मध्ये आला. विंडोज २००० मध्ये फोल्डरांपुरते 'जंक्शन' आले, आणि युनिक्सच्या धर्तीवरील सांकेतिक दुवे विंडोज व्हिस्टापासून उपलब्ध झाले.

या सर्व काळात गृहीतक असे होते की, दुवा आणि त्याचे लक्ष्य ही दोन्ही एकाच संगणकाच्या आवाक्यात असतात. क्लाउड-समक्रमणाने या गृहीतकालाच धक्का दिला. २००७ साली स्थापन झालेली ड्रॉपबॉक्स ही सेवा २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आले. एका संगणकावरचे फोल्डर दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे उमटावे, ही या सेवांची प्रतिज्ञा. पण त्या फोल्डरात दुवा असेल तर 'जसेच्या तसे' याचा अर्थ काय? दुवा उमटवावा की त्याचे लक्ष्य? या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच निरनिराळ्या सेवांनी निरनिराळी उत्तरे दिली.

४. समक्रमणाची कार्यपद्धती

समक्रमण करणारा प्रोग्रॅम संगणकात सतत जागा असतो. तो दोन कामे करतो. पहिले, नेमून दिलेल्या फोल्डरातील सर्व वस्तूंची यादी ठेवणे. दुसरे, त्या फोल्डरात काही बदलले की कार्यप्रणालीकडून सूचना घेणे. सूचना मिळाली की तो नवी स्थिती जुन्या यादीशी ताडून पाहतो आणि फरक तेवढा सर्व्हरकडे पाठवितो. दुसऱ्या संगणकावरील त्याचा जोडीदार तो फरक उतरवून घेतो.

या पद्धतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, नाहीसे होणे हाही येथे एक बदलच मानला जातो. आपण फाइल काढून टाकली काय किंवा अन्य कारणाने ती दिसेनाशी झाली काय, प्रोग्रॅमच्या यादीत दोहोंची नोंद सारखीच होते, आणि ती नोंद इमाने इतबारे सर्व संगणकांवर पोहोचविली जाते. समक्रमण म्हणजे बॅकअप नव्हे, असे तज्ज्ञ वारंवार सांगतात ते यामुळेच. बॅकअप भूतकाळ जपतो, समक्रमण वर्तमानकाळ पसरविते. काढलेल्या फाइली काही काळ परत मिळतात हे खरे. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत त्या ३० दिवस राहतात. परंतु पोथ्यांच्या अभ्यासात एखादे फोल्डर सहा-सहा महिने उघडले जात नाही. तेथे ३० दिवसांची मुदत पुरत नाही.

दुसरी गोष्ट बदलाच्या सूचनेविषयी. कार्यप्रणालीला सांगितलेले असते ते अमुक फोल्डरावर लक्ष ठेवण्यास. दुव्याचे लक्ष्य त्या फोल्डराबाहेर असेल, तर तेथे झालेल्या बदलाची सूचना आपोआप येत नाही. कारण दुवा स्वतः बदललेलाच नसतो. त्यावरील पत्ता कालचाच असतो. त्यामुळे एखादी सेवा दुव्यामागील मजकूर पाठवीत असली, तरी नंतरची दुरुस्ती तिच्या ध्यानी येईलच असे नाही. अभ्यासक आपल्या संगणकावर दुरुस्त पाठ वाचत असतो आणि त्याचा सहकारी दुसऱ्या गावी जुना पाठ वाचत असतो. पाठभेदाचा हा एक आधुनिक उगम म्हणता येईल.

५. दुवा भेटल्यावर : तीन वर्तने

समक्रमणाच्या प्रोग्रॅमला दुवा आढळल्यास तो तीनपैकी एका प्रकारे वागतो.

(अ) अनुसरण. प्रोग्रॅम दुव्यामागे जातो आणि लक्ष्यातील मजकूर खरोखर फोल्डरात असल्यासारखा पाठवितो. ड्रॉपबॉक्सचे वर्तन दीर्घकाळ असे होते, आणि अनेकांनी त्यावर विसंबून आपल्या कामाची घडी बसविली होती. २०१९ साली ड्रॉपबॉक्सने हे धोरण बदलले. त्यानंतर आपल्या फोल्डराबाहेर नेणाऱ्या दुव्यांमागील मजकूर पाठविणे थांबले. काल जे चालत होते ते आज चालेलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

(आ) जतन. प्रोग्रॅम दुव्यामागे जात नाही. तो दुव्यालाच एक वस्तू मानून त्यावरील पत्ता तेवढा पाठवितो. २०१३ पासून उपलब्ध असलेला सिंकथिंग हा मुक्त प्रोग्रॅम, विंडोज वगळता अन्य प्रणालींवर, असे करतो. आवृत्त्यांचे व्यवस्थापन करणारा गिट हाही दुव्याची नोंद पत्त्याच्या स्वरूपातच ठेवतो. तात्त्विकदृष्ट्या हे वर्तन सर्वांत प्रामाणिक आहे, कारण फोल्डरात जे होते तेच पाठविले जाते. परंतु दुसऱ्या संगणकावर तो पत्ता अस्तित्वात नसेल, तर तेथे केवळ तुटलेला दुवा पोहोचतो. आमच्या पोथ्यांच्या बाबतीत घडले ते हेच.

(इ) वर्जन. प्रोग्रॅम दुवा वगळून पुढे जातो. नेक्स्टक्लाउडचा डेस्कटॉपवरील प्रोग्रॅम सांकेतिक दुवे समक्रमित करीत नाही. विंडोजवरील वनड्राइव्हने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांसारख्या महत्त्वाच्या फोल्डरांचे रक्षण करावे असे आपण योजिले आणि त्या फोल्डरात जंक्शन किंवा सांकेतिक दुवा असेल, तर ते काम अडते. दुवा काढून टाकावा असे मायक्रोसॉफ्टच्याच सूचनांत म्हटले आहे. वर्जन करणाऱ्या प्रोग्रॅमने तसे स्पष्ट कळविले तर ते इष्टच. अडचण होते ती न कळविता वगळले जाते तेव्हा.

येथे एका समांतर घटनेचा उल्लेख करावासा वाटतो. गूगल ड्राइव्हमध्ये पूर्वी एकच फाइल एकाच वेळी अनेक फोल्डरांत ठेवता येत असे. आपल्या परिभाषेत, एका दाखलक्रमांकाची अनेक कार्डे. २०२० च्या सप्टेंबरअखेर ही सोय बंद झाली. आता प्रत्येक फाइलीचे एकच स्थान असते आणि अन्यत्र शॉर्टकट ठेवावा लागतो. 'समान अधिकाराची अनेक नावे' ही व्यवस्था सोडून 'एक मूळ आणि अनेक निर्देश' ही व्यवस्था स्वीकारली गेली. कोणत्या फोल्डरातून काढली म्हणजे फाइल खरोखर जाते, असा संभ्रम पहिल्या व्यवस्थेत राहतो. दुसऱ्या व्यवस्थेत मूळ कोणते याचे उत्तर निश्चित असते. संहितेच्या अभ्यासकाला ही दुसरी व्यवस्था अधिक जवळची वाटावी.

६. संभाव्य अपघात

उपर्युक्त वर्तनांतून जे अपघात संभवतात त्यांचे चार प्रकार करता येतील.

पहिला अपघात भासमान प्रतीचा. त्याचे वर्णन प्रारंभी आलेच आहे. आपल्या संगणकावर सर्व काही दिसते, पण क्लाउडवर केवळ पत्ता असतो.

दुसरा अनुपस्थितीचा. दुव्याचे अनुसरण करणारा प्रोग्रॅम असेल आणि बाह्य डिस्क जोडलेली नसेल, तर दुव्यामागचे फोल्डर त्याला रिकामे किंवा नाहीसे झालेले दिसते. तो त्याचा अर्थ 'सर्व काही काढून टाकले' असा लावू शकतो. तसे झाले तर डिस्क कपाटात सुरक्षित असताना क्लाउडवरील प्रती पुसल्या जातात.

तिसरा उलट दिशेचा. अनुसरण दोन्ही बाजूंनी होते. सामायिक फोल्डरातील एखाद्या सहकाऱ्याने 'आता याची गरज नाही' म्हणून आपल्या संगणकावरून फोल्डर काढले, तर ते काढणे दुव्यावाटे आपल्या मूळ संग्रहापर्यंत पोहोचू शकते. दुवा दिला म्हणजे पाहण्याची परवानगी दिली असे आपण समजतो, पण वस्तुतः आपण हात घालण्याचीही वाट मोकळी केलेली असते.

चौथा अपघात चक्राचा. एखाद्या फोल्डरात त्याच्याच वरच्या फोल्डराकडे नेणारा दुवा ठेवला, तर अनुसरण करणारा प्रोग्रॅम फिरून त्याच जागी येतो. कोशात 'अ' खाली 'पाहा : ब' आणि 'ब' खाली 'पाहा : अ' असावे तसे हे आहे. अशा चक्रातून सुटण्यासाठी कार्यप्रणालींनी मर्यादा घातलेल्या आहेत. लिनक्समध्ये एका पत्त्याची उकल करताना ४० हून अधिक दुवे ओलांडले जात नाहीत. तथापि ही मर्यादा गाठेपर्यंत एकच सामग्री अनेकदा मोजली वा पाठविली जाण्याची शक्यता राहते.

याखेरीज एक सूक्ष्म बाब आहे. अनेक प्रोग्रॅम फाइल जतन करताना जुन्या फाइलीवरच लिहीत नाहीत. ते नवी तात्पुरती फाइल करून तिला जुने नाव देतात. अर्धवट लिहिलेली फाइल राहू नये म्हणून ही काळजी घेतली जाते. पण त्यामुळे जुन्या क्रमांकाशी असलेली हार्ड लिंक सुटते, आणि एकेका फाइलीला केलेल्या सांकेतिक दुव्याच्या जागी खरीखुरी फाइल येऊन बसते. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. त्या दिवसापासून मात्र दोन प्रती स्वतंत्रपणे वाढू लागतात. म्हणून दुवा करावयाचाच असेल तर तो फोल्डराला करावा, एकेका फाइलीला करू नये.

७. देवनागरी नावांचा प्रश्न

सांकेतिक दुवा म्हणजे लिहिलेला पत्ता, हे एकदा मान्य केले की लेखनाचे सर्व प्रश्न त्याला लागू होतात. मराठीत नावे देणाऱ्या अभ्यासकाला यांतील एका प्रश्नाची विशेष झळ लागते.

'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'वाऱ्या' या शब्दांत येणारा अर्धा र मराठी लेखनात वैशिष्ट्यपूर्ण आहे. युनिकोडमध्ये तो साधण्यासाठी 'ऱ' हे अक्षर आणि हलन्तचिन्ह वापरतात. पण हाच 'ऱ' साधा 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि युनिकोड या दोन्ही लेखनांना समतुल्य मानते. याशिवाय साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी रीतही काही कळफलकांमुळे रूढ झाली. ती मात्र समतुल्य मानली जात नाही. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात.

आता मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे सुटी करून, म्हणजे 'र' आणि नुक्ता वेगळे करून, साठवीत असे. २०१७ साली आलेली एपीएफएस ही व्यवस्था नाव दिले तसे ठेवते, पण शोधताना समतुल्य नावे एकच मानते. लिनक्सवरील सर्वसाधारण फाइलव्यवस्था बाइट जुळवून पाहते. तिच्या लेखी ही दोन वेगळी नावे होत. परिणामी मॅकवर व्यवस्थित चालणारा, 'दुसऱ्या प्रतीची पाने' या फोल्डराकडे नेणारा दुवा लिनक्सच्या संगणकावर तुटलेला निघू शकतो. फोल्डर तेथे असते, नाव तेच दिसते, आणि तरीही पत्ता जुळत नाही. पाठभेद एका नुक्त्याचा, परंतु परिणाम संपूर्ण.

लांबीचाही विचार करावा लागतो. युटीएफ-८ या रूढ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अशी ११ चिन्हे असून तो ३३ बाइट व्यापतो. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हे. पोथीचे नाव, कर्ता, शक, लेखनस्थळ आणि संग्राहक हे सारे फोल्डराच्या नावातच कोंबण्याची आपली सवय या मर्यादेत बसत नाही. हे तपशील वेगळ्या सूचिपत्रात असावेत. नाव लहान ठेवून त्यात पोथीचा क्रमांक द्यावा, हे श्रेयस्कर.

८. व्यवहारातील शिस्त

वरील विवेचनावरून दुवे वापरूच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. दुव्याची दिशा योग्य असेल तर ते अत्यंत उपयुक्त ठरतात.

मुख्य सूत्र असे सांगता येईल : मूळ वस्तू समक्रमित फोल्डराच्या आत असावी आणि दुवा बाहेर असावा. समजा, एखाद्या प्रोग्रॅमला त्याची सामग्री अमुक ठिकाणीच लागते आणि आपल्याला ती क्लाउडवर हवी आहे. अशा वेळी सामग्रीचे खरे फोल्डर समक्रमित फोल्डरात हलवावे, आणि प्रोग्रॅमला अपेक्षित जागी तिकडे नेणारा दुवा ठेवावा. मॅक व लिनक्सवर 'एलएन' ही आज्ञा 'एस' या पर्यायासह दिली असता असा दुवा तयार होतो. विंडोजवर 'एमकेलिंक' ही आज्ञा आहे. तिला सामान्यतः प्रशासकाचे अधिकार लागतात, जंक्शनला ते लागत नाहीत. या रचनेत समक्रमणाच्या प्रोग्रॅमला दुवा भेटतच नाही. त्याला खऱ्या फाइली भेटतात. त्यामुळे सेवेचे धोरण बदलले तरी आपले नुकसान होत नाही.

या सूत्राला एक अपवाद आहे. ज्या प्रोग्रॅमची सामग्री डेटाबेसच्या रूपात असते, ती कोणत्याही मार्गाने समक्रमित फोल्डरात नेऊ नये. संदर्भसूचीसाठी अनेक संशोधक वापरतात त्या झोटेरोचे उदाहरण घेता येईल. त्याचा डेटाबेस क्लाउडच्या फोल्डरात ठेवल्यास तो बिघडण्याचा संभव असतो, असा इशारा झोटेरोच्या निर्मात्यांनीच दिला आहे. डेटाबेसवर क्षणोक्षणी लेखन चाललेले असते आणि समक्रमण त्याची मधल्याच अवस्थेतील प्रत उचलू शकते. झोटेरोमध्ये जोडलेल्या पीडीएफ फाइली मात्र स्वतंत्र फोल्डरात ठेवून त्यांच्या मूळ फोल्डराचा पत्ता प्रत्येक संगणकावर वेगळा देता येतो. तेथे सांकेतिक दुव्याची गरजच उरत नाही. प्रोग्रॅमनेच सोय दिली असेल, तर दुव्यापेक्षा ती पत्करावी.

समक्रमित फोल्डराच्या आतल्या आत दुवे द्यावयाचे असतील, उदाहरणार्थ एकच पोथी 'कर्ता' आणि 'विषय' अशा दोन वर्गांत दाखवावयाची असेल, तर पत्ता सापेक्ष असावा. 'घरापासून अमुक रस्त्याने' असे न सांगता 'येथून दोन घरे पलीकडे' असे सांगावे. संपूर्ण पत्त्यात वापरकर्त्याचे नाव येते, आणि ते दुसऱ्या संगणकावर वेगळे असते. अर्थात, दुवे जतन करणारी सेवा असेल तरच याचा उपयोग आहे. अन्यथा असे वर्गीकरण सूचिपत्रातच करणे बरे.

शेवटी पडताळणी. ती चार प्रकारे करावी. एक, क्लाउडवरील सामग्री तिच्या संकेतस्थळावरून, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहावी. स्वतःच्या संगणकावर दिसणे हा पुरावा नव्हे. दोन, फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे ताडून पाहावा. प्रतिमांच्या जागी काही बाइटांची फाइल असेल तर तो दुवा आहे असे समजावे. तीन, सेवेच्या धोरणाची खात्री एखाद्या निरुपयोगी फाइलीवर प्रयोग करून घ्यावी आणि काही महिन्यांनी तो प्रयोग पुन्हा करावा. चार, समक्रमणाखेरीज एक स्वतंत्र प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या वास्तूत असावी. ती करताना दुव्यांचे काय करावयाचे हे प्रोग्रॅमला स्पष्ट सांगावे. १९९६ पासून प्रचारात असलेल्या आरसिंकमध्ये दुवा जसाच्या तसा नकलावा की त्यामागील मजकूर नकलावा, यासाठी वेगवेगळे पर्याय आहेत. आरक्लोन हा प्रोग्रॅम तर काही सांगितले नाही, तर दुवे वगळतो. जतनासाठीच्या प्रतीत दुव्याऐवजी मजकूर जावा, हे उत्तम.

विभागात सामूहिक प्रकल्प चालत असेल, तर संग्रहाच्या मुळाशी एक साधी मजकूरफाइल ठेवावी. कोणते फोल्डर खरे, कोणता दुवा, तो कोठे नेतो, आणि कोणी व केव्हा केला, एवढे तीत लिहावे. पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, शक, स्थळ नोंदवीत असे. हस्तलिखिताचे स्थान ठरविताना आज आपण त्याच ओळींचा आधार घेतो. संगणकातील संग्रहालाही अशा पुष्पिकेची गरज आहे.

९. समारोप

सांकेतिक दुवा हा निर्देश आहे. निर्देशाने ज्ञान सापडते, जपले जात नाही. ग्रंथसूचीत एखाद्या दुर्मीळ पोथीची नोंद आहे म्हणून ती पोथी सुरक्षित आहे असे आपण कधी मानीत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र निर्देश आणि वस्तू यांतील अंतर दिसेनासे होते, आणि आपण नोंदीलाच पोथी समजू लागतो. समक्रमणाच्या सेवा बदलतील आणि त्यांची धोरणेही बदलतील. या लेखातील काही तपशील कालांतराने जुने होतील. मूळ प्रश्न मात्र तोच राहील, आणि पाठचिकित्सेने तो आपल्याला केव्हाच शिकविलेला आहे : मी पाहतो आहे ती प्रत कोठे आहे?

आमच्या गेलेल्या पोथ्या आता परत येणार नाहीत. त्यांतील काहींची नावे आणि पानांची संख्या तेवढी आमच्या वहीत शिल्लक आहे. पोथ्यांच्या बाबतीत हीसुद्धा एक 'पाहा'-नोंदच होय. मात्र तिच्यापुढे आता पत्ता नाही. इतरांच्या संग्रहांवर अशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.